विज्ञान वसतिगृहाच्या सहा खाटा

काही ऑफिसांत फायली साठतात, काही ठिकाणी नुसती धूळ साठते. आमच्या मंडळात किस्से साठायचे. एक सांगायला घेतला की मागचे चार आपोआप खाली पडतात, त्यामुळे मी सहसा सुरूच करत नाही.

पण परवा नातीनं छेडलं. ती पुण्यात मार्केटिंगची इंटर्नशिप करते. मला समजावून सांगत होती की आजी, आमची संस्था मुलींना सायन्सकडे आणते आणि मी लोकांपर्यंत पोचायचं काम करते. मी म्हटलं, बाई गं, हे मी साठ सालच्या आसपास अमरावतीत करून बसले आहे. तेव्हा त्याला उमेदवारी म्हणत. तिला वाटलं, आजी फेकते आहे. मग म्हटलं, आता ऐकच.

मंडळ म्हणजे आमच्या लीलाबाई. जन्मभर शाळेत शास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. पांढरं पातळ, पायात पुरुषी चपला आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री निमूट बसून घ्यायची. खेड्यापाड्यांतल्या मॅट्रिक झालेल्या मुलींना अमरावतीच्या कॉलेजात सायन्सला घालायचं आणि त्यांची राहायची सोय करायची, हे मंडळाचं काम. त्यासाठी एक घर होतं. तीन खोल्या, सहा खाटा. घराचे मालक अकोल्याचे दादासाहेब, कापसाचे मोठे व्यापारी. पुण्य लागावं म्हणून त्यांनी घर वापरायला दिलं होतं. त्या उन्हाळ्यात ते सहज येऊन पाहतात तर सहातल्या चार खाटा रिकाम्या! त्यांनी तिथंच सांगून टाकलं, की कॉलेज उघडायच्या आदल्या रविवारी मी येतो. सहा खाटांवर सहा जणी दिसल्या तर घर तुमचं. एक जरी खाट रिकामी दिसली तर खाटा बाहेर आणि माझी सरकीची पोती आत.

भरलेल्या दोन खाटा म्हणजे मी आणि वत्सला. बाईंनी आम्हाला सुट्टीभर प्रचाराच्या उमेदवार म्हणून ठेवून घेतलं. वत्सला अकोल्याजवळच्या खेड्यातली. छप्पन साली तिच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून तिच्या बापाचा एकच हेका होता, पोरगी शिकली पाहिजे. वसतिगृह गेलं असतं तरी ती झाडाखाली बसून बी.एस्सी. झाली असती. माझं तसं नव्हतं. आमचे बाबा अकोल्याला कापसाच्या जिनात कारकून. त्यांनी बजावलं होतं, वसतिगृह आहे तोवर शीक, नाहीतर मूर्तिजापूरचं स्थळ तयार आहे, मुलगा तहसिलीत नोकरीला आहे. म्हणजे पोती आत आली की मी थेट मूर्तिजापुरात. मुलगा वाईट नसेलही, मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला शिकायचं होतं. रात्री डोळा लागत नव्हता, इतकं शिकायचं होतं.

*

प्रचाराला निघण्याआधी बाईंनी आमची तालीम घेतली. खुर्चीत बसल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि म्हणाल्या, मी मुलीचा बाप, मला पटवून दाखवा.

मी उभी राहिले. विज्ञानाचं महत्त्व, देशाची प्रगती वगैरे घडाघडा बोलले. बाईंनी मिशीला पीळ दिल्यासारखं केलं आणि वऱ्हाडीत सुरू झाल्या. शिकेल पोरीले शिकेल नवरा कुठून आनू? वाचून वाचून डोये गेले त चष्मेवाली कोन करन? ॲसिडनं हात भाजला त पोया कोन लाटन? एकेक मुद्दा असा बिनतोड की मला तो पटतच गेला. शेवटी आत गेले, ट्रंक भरली आणि ओसरीवर येऊन उभी राहिले.

बाईंनी टॉवेल काढला आणि कुठं निघालीस म्हणून विचारलं.

मी म्हटलं, "घरी. बाबांचं बरोबर आहे."

वत्सला पोट धरून खाली बसली. बाईंनी माझ्या हातातली ट्रंक काढून घेतली. मग तिला म्हणाल्या, हिला बोलायला पाठवू नकोस, हिला फोटोसाठी ठेवू.

*

पहिली मोहीम अमरावती शहरातच काढली. त्या काळी जाहिरात करायची तर टांगा आणि पत्र्याचा कर्णा. रहीमभाईंचा टांगा आम्ही दिवसभरासाठी ठरवला. वत्सला कर्णा घेऊन पुढे बसली, मी पत्रकं वाटायला मागे.

अडचण ही की रहीमभाईंचा टांगा एरवी सिनेमाच्या जाहिरातीला असायचा. घोडा त्याच रस्त्यानं जायचा, सिनेमाचा टांगा जिथं जिथं थांबतो तिथंच थांबायचा. वत्सलाला पुढच्या चौकात बोलायचं असलं तरी घोडा ऐकत नव्हता. रहीमभाई म्हणाले, बाई, तो मले इचारून थांबत नाई. वर वत्सलाचं "मुलींनो, विज्ञानाकडे या" म्हणून झालं की रहीमभाई सवयीनं पुढे जोडायचे, "रोज तीन खेळ!"

शेवटी घोडा टॉकीजच्या दारात जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेना. मागे ही गर्दी! लोक खिडकीवर जाऊन विज्ञान पिक्चरची तिकिटं मागायला लागले. मॅनेजर सांगतो असं पिक्चरच नाही, लोक म्हणतात टांगा आला म्हणजे पिक्चर आलंच. बायकांनी तर लेडीजची वेगळी रांग लावली होती.

संध्याकाळी मॅनेजर वसतिगृहावर आला. आम्हाला वाटलं, भांडायला आला. त्यानं आधी तक्रार केली, चहा घेतला आणि मग हळूच म्हणाला, पिक्चर जवा येईन तवा पयले आमाले द्या, इतकी गर्दी आमी दिवाळीलेबी पाह्यली नाई.

जाताजाता त्यानं बाईंना विचारलं, शेवट गोड आहे काय. बाई म्हणाल्या, "ते अजून ठरलं नाही."

त्या मोहिमेत मुलगी एकही मिळाली नाही.

*

मग परतवाडा. तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये बाईंचं व्याख्यान ठरलं. हेडमास्तर ओळखीचे. पत्रकं तिथल्याच छापखान्यात टाकली आणि आम्ही निश्चिंत झालो. वैशाख होता, लग्नसराई जोरात, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

छापखान्यातला जुळारी महिनाभर फक्त लग्नपत्रिका जुळवत होता. त्याच्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. आमचं पत्रक छापून आलं ते गुलाबी कागदावर. वर गणपती. खाली "आमचे येथे श्रीकृपेकरून". डावीकडे ठळक अक्षरांत रसायनशास्त्र, उजवीकडे पदार्थविज्ञान, मध्ये "यांचा", आणि खाली सहकुटुंब सहपरिवार येण्याचं अगत्याचं आमंत्रण. वाटून झाल्यावर आम्हाला कळलं.

व्याख्यानाला हॉल भरला. भरला म्हणजे काय, बैलगाड्या लागल्या होत्या! पुरुष फेटे बांधून, बायका नथी घालून, लेकरं तेल लावून. हातात परात, गडवा, लुगडं. नवरानवरीची नावं थोडी निराळी वाटली होती म्हणे, पण लोकांनी आपसांत ठरवलं की बंगाली पार्टी असेल. बाई स्टेजवर चढल्या तर समोर पंगत मांडी घालून बसलेली.

हेडमास्तर घाबरून बाईंच्या कानाला लागले. पण बाईच त्या. म्हणाल्या, आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, चूल पेटवा. हेडमास्तरांच्या बायकोनं शेजारणी गोळा केल्या, वांग्याच्या भाजीचं मोठं पातेलं चढवलं, पोळ्या सुरू झाल्या. स्वयंपाक होईस्तोवर बाईंनी अन्नाचं पचन या विषयावर व्याख्यान दिलं. इतके एकाग्र श्रोते त्यांना आयुष्यात पुन्हा मिळाले नाहीत.

जेवणं झाली आणि खरी पंचाईत आली. आहेर पुकारायची वेळ झाली, माईक तयार, पण घ्यायला नवरानवरी नाहीत. बाईंनी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं आणि आहेर परत न्या म्हणून हात जोडले. लोक हसले, काही रुसले. संत्र्याच्या बागेवरून थेट आलेले बाजीराव म्हणून एक गृहस्थ मात्र उठून उभे राहिले. ते घाईत आहेर आणायचेच विसरले होते आणि आता जेवून बसले होते.

ते म्हणाले, "लग्नात जेवून रिकाम्या हातानं जानं आमच्यात नाई. हे पोरगी ठेवा. मॅट्रिकले पयली आली हाय."

मागून एक मुलगी पुढे आली. सुमन. तिच्या काखेत कपड्यांचं गाठोडं आधीच तयार होतं. लग्नाला येताना ते काहून आणलं, हे तिच्या बापानं विचारलं नाही, आम्हीही नाही.

बाईंनी माईक हातात घेतला आणि पुकारलं, "बाजीरावजींकडून वसतिगृहास एक कन्या."

टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

*

नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावात आम्ही उत्तमराव पाटलांकडे उतरलो होतो. माणूस दिलदार. घरात म्हशी, गावाला दूध त्यांच्याच घरून. आमच्यासाठी त्यांनी चावडीसमोर मांडव घातला, सतरंज्या टाकल्या आणि अख्खं गाव बोलावलं.

प्रयोग वत्सलाचा होता. तिनं दुधात पाणी आहे की नाही हे दाखवणारी काचेची नळी आणली होती. दूध घट्ट असेल तर नळी वर तरंगते, पातळ असेल तर खाली बुडते, इतकं सोपं. वत्सलानं विचारलं, कोणाच्या घरचं दूध आहे का. उत्तमरावांनी मोठ्या मनानं आपल्याच घरचं चरवीभर मागवलं. मी वत्सलाला डोळ्यांनी खुणावत होते, पण ती विज्ञानात शिरली की तिला माणसं दिसत नसत.

नळी चरवीत सोडली. नळी जी गेली ती तळाला जाऊन टेकली.

 मग एक म्हातारी उठली आणि म्हणाली, मंग आमी इतके दिस काय पेऊन रायलो? त्यावर जो कल्ला झाला, त्यात व्याख्यान राहूनच गेलं. उत्तमराव पाहुण्यांसमोर कसेबसे हसत होते. आम्हाला संध्याकाळी चहा आला तो काळा. रात्री ताक आलं नाही. सकाळी परत काळा चहा.

निघायच्या वेळी पाहतो तर उत्तमरावांची मुलगी इंदू गोठ्यात बसून आमची नळी घेऊन एकेका म्हशीचं दूध तपासत होती. धार काढली की नळी, चरवीत ओतलं की नळी. पाणी म्हशीत नसून चरवीत आहे, हे तिनं शोधून काढलं होतं आणि ते ती गल्लीतल्या बायांना मोठ्यानं सांगत होती.

उत्तमरावांनी बाईंना बाजूला घेतलं. चेहरा पडला होता. म्हणाले, "इले आजच घेऊन जा. ते घरी रायली त माया धंदा बसते."

बाई म्हणाल्या, चार वर्षं लागतील. ते म्हणाले, जितके लागतीन तितके लागू द्या.

*

अकोल्याचा सौदा मी डोळ्यांनी पाहिला नसता तर मीही विश्वास ठेवला नसता.

बाई आम्हाला घेऊन कापूस बाजारात गेल्या. तिथं गोविंदराव नावाचे अडत्ये होते, त्यांची मालती गणितात हुशार. गोविंदराव काही केल्या हो म्हणेनात. बाई शिक्षणावर बोलल्या, वत्सला न्यूटनवर बोलली, मला बोलायची मनाईच होती. गोविंदराव नुसते सुपारी कातरत बसले.

तेवढ्यात आमचे घरमालक दादासाहेब तिथं आले. काही वेळ त्यांनी आमचा तमाशा पाहिला आणि त्यांना राहवेना. म्हणाले, बाई, सौदा करायची ही रीत नव्हे. बाजारात असं तोंडानं कोणी बोलतं का?

आता तिथली रीत अशी की दोन व्यापारी समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवतालच्यांना काही कळत नाही. दादासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, गोविंदरावांच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली सारला.

रुमाल हलायला लागला. गोविंदरावांनी मान हलवली. दादासाहेबांनी डोळे मिटले. परत रुमाल हलला. आजूबाजूचे व्यापारी गोळा झाले, कोणी म्हणालं माल कोणता हाय, कोणी म्हणालं उंची दिसतो. गोविंदरावांच्या कपाळावर घाम. एकदम दोघांनी हात झटकले, रुमाल उडाला आणि सौदा झाला!

बाईंनी विचारलं, किती वर्षांचा ठरला. दोघंही बाईंकडे असे पाहायला लागले जशी काही बाईंनी भलतीच चौकशी केली. बाजारात ठरलेला सौदा उघड सांगत नाहीत.

मालती पेटी घेऊन आमच्याबरोबर निघाली. मी तिला गाडीत विचारलं, कितीपर्यंत शिकायची परवानगी मिळाली गं? ती म्हणाली, "रुमालाले माहीत." पुढे दरवर्षी ती बापाला विचारायची, झाले काय ठरलेले वर्षं? गोविंदराव स्वतःच विसरले होते आणि दादासाहेबांना विचारायची त्यांना लाज वाटायची. ते आपले दरवर्षी म्हणायचे, अजून नाई. अशी मालती एम.एस्सी. झाली.

दादासाहेबांच्या मात्र घरी गेल्यावर लक्षात आलं की आपल्याच पोत्यांची जागा आपण आपल्याच बोटांनी देऊन आलो. त्यांनी बाईंना निरोप धाडला, पाच झाल्या असतील, पण मी सहा म्हटलं होतं.

*

सहावीसाठी बाईंनी शेवटचा उपाय काढला. माझा फोटो.

पोस्टरवर शास्त्रज्ञ बाई हवी होती. जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा पांढरा कोट आणला, काचेच्या चंबूत डाळिंबाचं सरबत भरलं आणि फोटो स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरनं जन्मात फक्त स्थळासाठी पाठवायचे फोटो काढले होते. त्यानं मला रंगवलेल्या तळ्यासमोर उभं केलं. मागे दोन हंस. मान तिरपी करा, नजर खाली, किंचित लाजा. मी विचारलं, शास्त्रज्ञ कशाला लाजेल? तो म्हणाला, मंग पसंत कोन करन?

पोस्टरं अकोला, बडनेरा, मूर्तिजापूर अशा सगळ्या स्टेशनांवर लागली. मुलगी एकही आली नाही. स्थळं मात्र धो धो आली! एका म्हाताऱ्यानं कळवलं की मुलगी पसंत आहे, फक्त चंबूतलं औषध कशाचं ते सांगा, रोगी मुलगी नको.

बाईंनी पोस्टर काढायला लावलं. पण मूर्तिजापूर स्टेशनावर ज्यांनी पाहायचं त्यांनी तोवर पाहून घेतलं होतं.

*

रविवार उजाडला. पाच खाटा भरलेल्या, सहावी रिकामी. दादासाहेब दुपारी येणार. वत्सला म्हणाली, उशीवर चादर टाकू, झोपली आहे म्हणून सांगू. बाई म्हणाल्या, विज्ञानात उशी चालत नाही. माझं तर सकाळपासून रडूच थांबत नव्हतं. सुमन आणि इंदू माझी समजूत काढत होत्या, आणि त्यांनाही परत जावं लागणारच होतं.

तशात बाबा आले. एकटे नाही, मूर्तिजापूरची मंडळी घेऊन. मुलगा वसंतराव आणि त्याची आई गिरजाबाई. बाबांचं म्हणणं, घर जातंच आहे, तर आजच पाहून घेऊ द्या, खेप वाचेल.

तोंड धुऊन मी पोह्यांच्या बशा नेल्या. वसंतराव खाली मान घालून बसला होता. गिरजाबाई उंच, हाडापेरानं मजबूत, नऊवारी लुगडं. नाव विचारलं, स्वयंपाक येतो काय विचारलं. मी येतो म्हटलं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, मले जागा पाहू द्या, पोरगी कशी राहते ते समजते.

मी त्यांना खोल्या दाखवल्या. त्या शेवटच्या खोलीत थांबल्या आणि दिवसभर करता काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, सकाळी कॉलेज, दुपारी प्रयोग, संध्याकाळी वाचन.

"अन् सैपाक?"

मी म्हटलं, मेसच्या काकू करतात.

"भांडे?"

त्याच घासतात.

त्यांनी एकदा दाराकडे पाहून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे सकायी उठल्यावर तुमाले कोनीच च्या मांगत नाई?"

मी म्हटलं, नाही.

गिरजाबाईंनी खोलीभर पाहिलं. खिडकी, टेबल, टेबलावरचं पुस्तक. मग त्या सहाव्या खाटेवर बसल्या. पाय वर घेतले. भिंतीला टेकल्या आणि डोळे मिटून इतका लांब श्वास सोडला की मी दारातच उभी राहिले.

बाहेर दादासाहेबांचा आवाज आला. ते काठी टेकत आत आले, मागे बाई, बाबा आणि पोह्यांची बशी हातात धरून वसंतराव. दादासाहेब काठीनं एकेक खाट मोजत निघाले. वत्सला, मी, सुमन, इंदू, मालती आपापल्या जागी उभ्या. शेवटच्या खोलीत त्यांची काठी थांबली.

"ह्या कोण?"

"सहावी," गिरजाबाई म्हणाल्या. त्या उठल्या नाहीत.

"तुम्ही शिकता?"

"आजपासून."

"काय शिकता?"

"ते ह्या पोरी सांगतीन. मी आताच आली."

दादासाहेब बाईंकडे पाहायला लागले. बाई छताकडे पाहत होत्या. बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. दादासाहेबांनी काठीनं ती खाट मोजली, मग म्हणाले, मी सहा जणी म्हटलं होतं, वय बोललो नव्हतो. व्यापारी माणूस, शब्द फिरवायचा नाही. त्यांनी घराच्या किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या आणि पोहे मागितले.

मी दाराची चौकट धरून रडायला लागले, आणि ह्या वेळी कोणी समजूत काढायला आलं नाही, कारण सगळ्याच रडत होत्या.

वसंतराव खाटेजवळ गेला. म्हणाला, आई, चाल, गाडीची टाइम झाली. गिरजाबाईंनी टेबलावरचं पुस्तक मांडीवर घेतलं होतं आणि त्यातलं चित्र पाहत होत्या. मग त्यानं विचारलं, "अन् माया लग्नाचं काय?"

गिरजाबाईंनी पान उलटलं.

"ते शिकून रायली, मी शिकून रायली. तुले घाई असन त दुसरी पाह्य. अन् जातानी दार लोटून घे."